दुधावर पहिला हक्क कुणाचा?

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कृष्णा आणि पंचगंगेच्या काळ्या मातीत वसलेला शिरोळ तालुका उसाइतकाच म्हशीच्या दुधासाठी ओळखला जातो, आणि राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर ही या तालुक्याची मोठी बाजारपेठ आहे. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांच्या या आखीव शहराभोवतीच्या गावांत दुधाचा व्यवहारही तितकाच आखीव आहे: सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध घातले जाते, त्यातला स्निग्धांश, म्हणजे फॅट, यंत्रावर मोजला जातो, दर त्यावर ठरतो आणि ठरलेल्या मुदतीने बिल हातात पडते. याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड आणि चंदगडच्या डोंगरमाथ्यावर विखुरलेल्या धनगरवाड्यांत मात्र दुधाचा विचार पिढ्यान्‌पिढ्या निराळ्या अंगाने झाला आहे, आणि त्या विचाराच्या मुळाशी दर किंवा फॅट नसून दुधाचा वाटा कुणाला, कोणत्या क्रमाने जावा हा प्रश्न आहे. वासरू, देव, रान, घर आणि शेवटी बाजार असा तो क्रम साधारणपणे सांगता येतो. महाराष्ट्रातील आदिवासी आणि पशुपालक जमातींच्या दुधाविषयीच्या बहुतेक समजुती या क्रमाचे रक्षण करणाऱ्या आहेत. त्यांना सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे आणि सरसकट प्राचीन विज्ञान म्हणून डोक्यावर घेणे, या दोन्ही सवयी त्यांच्यावर सारखाच अन्याय करतात.

येथे 'आदिवासी' या शब्दाविषयी थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर हे महाराष्ट्राच्या शासकीय यादीत अनुसूचित जमातींमध्ये मोडत नाहीत. धनगर समाजाची गणना भटक्या जमाती (क) या प्रवर्गात होते आणि अनुसूचित जमातीच्या दर्जाची त्यांची मागणी दीर्घकाळ चालू आहे. विदर्भात गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाला अशाच मागणीची फार मोठी किंमत मोजावी लागली. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधिमंडळावर नेलेल्या मोर्चात झालेल्या चेंगराचेंगरीत 114 गोवारी मृत्युमुखी पडले. यादीतील स्थान आणि जगण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे, पुढील विवेचनात माडिया, वारली, महादेव कोळी यांसारख्या अनुसूचित जमातींबरोबरच गवळी धनगरांसारख्या डोंगराळ पशुपालकांचाही विचार केला आहे.

गवळी धनगरांच्या जीवनपद्धतीचा सर्वांत मोलाचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी केला व तो 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम घाटाच्या खोऱ्यांत कुणबी भातशेती करत आणि शिकारही करत, तर वरच्या माथ्यावर गवळी म्हशी व गाई पाळत आणि जोडीला थोडी फिरती शेती करत. दोघांच्या गरजा एकाच डोंगरातून भागत असूनही त्यांची साधने फारशी एकमेकांत गुंतत नसत, हे या अभ्यासातून पुढे आले. गवळी दूध विरजून घुसळत, लोणी खालच्या गावांत देऊन त्या बदल्यात धान्य घेत आणि उरलेले ताक स्वतः पीत. ताकातून प्रथिने मिळत असल्यामुळे शिकारीवर त्यांचा भर नव्हता, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. बाजारापासून दूर, पावसाळ्यात वाटा बंद होणाऱ्या माथ्यावर नुसते दूध काही तासांत नासते, तर कढवलेले तूप महिनोन्‌महिने टिकते; शिवाय विरजल्याने दुधातील साखर कमी होऊन ते पचायलाही हलके होते. म्हणजे दूध न विकता तूप विकण्याची चाल परिस्थितीतूनच आली होती. पण एकदा ती चाल रुळली की तिच्याभोवती धारणा उभ्या राहतात, आणि ताक ही पैसे घेऊन देण्याची वस्तू नव्हे, दारात आलेल्याला ते नाकारू नये, हा संकेत डोंगरात आणि मैदानात सारखाच मुरलेला दिसतो.

या क्रमातील पहिला वाटेकरी म्हणजे वासरू. गडचिरोलीतील माडिया आणि मध्य भारतातील इतर अनेक आदिवासी समाजांत गाई-म्हशी पाळल्या जात, नांगराला बैल मिळत, शेणखत मिळे, परंतु दूध काढण्याची चालच नव्हती. गाईचे दूध तिच्या वासरासाठी असते, ते माणसाने घेणे म्हणजे वासराच्या तोंडचे काढून घेणे, अशी त्यामागची समजूत होती. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांनी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी हे अडाणीपणाचे लक्षण मानले. भूगोलतज्ज्ञ फ्रेडरिक सिमून्स यांनी 1970 मध्ये दक्षिण आशियातील दूध काढणाऱ्या व न काढणाऱ्या समाजांच्या पारंपरिक सीमा तपासल्या, तेव्हा भारताच्या मध्य व पूर्व भागातील आदिवासी पट्टा न काढणाऱ्यांच्या बाजूला पडत असल्याचे दिसले. ज्या समाजांनी दूध हे मुख्य अन्न केले नाही त्यांतील पुष्कळ प्रौढांना दुधातील साखर पचवणे जड जाते, हे आता ज्ञात आहे. तेव्हा या नकाराला शरीराचीही बाजू असू शकते. मात्र केवळ शरीरशास्त्रावर बोट ठेवून 'वासराचा हक्क' हा नैतिक विचार पुसून टाकणे बरोबर होणार नाही, कारण तो त्या समाजांनी स्वतः, स्वतःच्या शब्दांत मांडलेला आहे.

जे समाज दूध काढतात तेही वासराला डावलत नाहीत. किंबहुना त्याच्यावाचून त्यांचे चालतच नसे. म्हैस पान्हा सोडते, म्हणजे कासेतले दूध सडांत उतरवते, ते पारडू लुचल्यावर किंवा निदान समोर दिसल्यावर. त्यामुळे धार काढण्याआधी पारडे सोडायचे, ते चार ढुशा देऊन पान्हा उतरवते, मग त्याला बाजूला बांधून धार काढायची आणि शेवटी एखादा सड त्याच्यासाठी राखून पुन्हा सोडायचे, ही रीत सह्याद्रीपासून शिरोळच्या गोठ्यांपर्यंत एकच होती. पारडू दगावले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तो आकार म्हशीपुढे ठेवला जाई. राखलेल्या सडाला हात लावला तर म्हैस आटते, अशी समजूत अनेक घरांत सांगितली जाते, आणि जनावराच्या शरीराची माहिती व त्याच्याविषयीची भीती या एका वाक्यात अशा मिसळल्या आहेत की त्यांना सुटे करणे कठीण आहे.

दुसरा वाटेकरी देव, आणि त्याच्या वाट्याचे सर्वांत ठसठशीत दर्शन जयसिंगपूरच्या परिसरातल्या लोकांना दिवाळीतच घडते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागात आणि लगतच्या सीमाभागात मेंढपाळ धनगर बलिप्रतिपदेला, म्हणजे पाडव्याला, 'बकरी बुजवणे' हा विधी करतात. (या भागात मेंढरांनाही बोलीत सर्रास बकरी म्हणतात.) सकाळी मेंढरे अंगावर रंगाचे पट्टे ओढून, कळपाच्या म्होरक्याच्या गळ्यात हार घालून तळावर आणली जातात; लेंड्यांची रास घालून तिची लक्ष्मी म्हणून पूजा होते, भंडारा उधळला जातो, आणि अनेक ठिकाणी गोवऱ्यांच्या विस्तवावर मडक्यात दूध तापत ठेवतात. इतर कोणत्याही दिवशी घरातली बाई ज्या क्षणी धावत जाऊन भांडे उतरवेल, त्या क्षणी येथे सगळे थांबून बघत राहतात. दूध फुगते, काठावर येते, मडक्याच्या एका अंगाने ओघळून विस्तवात चरचरत जाते, आणि ते ज्या दिशेला उतू गेले त्या दिशेला येत्या वर्षी पाऊसपाणी आणि पीक बरे राहील असा होरा बांधला जातो. त्यानंतर हलगी-ढोलाच्या गजरात कळप बुजवून पळवला जातो. तपशील गावागणिक बदलतात, परंतु ज्यांचे वर्ष चाऱ्याच्या शोधात दिशा निवडण्यात जाते त्यांनी दुधालाच दिशा विचारावी, यात एक अंतर्गत सुसंगती आहे. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत, जी याच हंगामात भरते, मानकरी फरांडेबाबा भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचे भाकीत, सांगतात तेव्हाही पाऊस, पिके आणि रोगराई हेच विषय असतात.

या विधीचे महत्त्व समजण्यासाठी एरवीची समजूत शेजारी ठेवून पाहावी लागते. रोजच्या चुलीवर दूध उतू जाऊन विस्तवात पडणे हे महाराष्ट्रातल्या पशुपालक घरांत अशुभ मानले जाते. त्यामुळे जनावराच्या कासेला इजा होते, दूध आटते, असे सांगितले जाते. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. जेम्स फ्रेझर यांनी 1918 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आफ्रिकेतील अनेक गुराखी जमाती दूध विस्तवावर ठेवण्याबाबत हीच भीती बाळगतात याची उदाहरणे एकत्र केली. गाईपासून वेगळे झाल्यानंतरही दुधाचे तिच्याशी नाते तुटत नाही, दुधाला जे सोसावे लागते ते गाईलाही सोसावे लागते, अशी त्यामागची धारणा त्यांनी दाखवली. पाडव्याला हाच नियम एका सकाळपुरता उलटा केला जातो, आणि तो उलटा करण्याचा अधिकार फक्त सामूहिक विधीला आहे. एकट्याच्या घरात जे नुकसान, ते सर्वांनी मिळून देवाला दिले की वाटा ठरतो.

तिसरा वाटेकरी रान, आणि रानात वाघ. वसुबारस, म्हणजे आश्विन वद्य द्वादशी, या दिवशी गाईची वासरासह पूजा होते आणि अनेक घरांत त्या दिवशी गाईचे दूध व त्याचे पदार्थ खाल्ले जात नाहीत. वर्षातला निदान एक दिवस वासराचा वाटा माणूस पूर्णपणे सोडतो. याच तिथीला अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ भागांतले आदिवासी वाघबारस साजरी करतात. गुराखी रानाच्या कडेला असलेल्या वाघदेवाच्या शिळेला शेंदूर लावतात, खीर शिजवून नैवेद्य दाखवतात आणि गुराढोरांचे रक्षण कर असे मागणे घालतात. हा डांगी गाईचा मुलूख आहे. धो धो पावसात टिकणारी, तेलकट त्वचेची ही जात महादेव कोळी, ठाकर आणि कानडी या समाजांनी जोपासली. पालघर-ठाण्याच्या वारल्यांमध्ये वाघोबाची ठाणी रानोमाळ आढळतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी अशा 150 ठाण्यांची नोंद केली आणि बिबट्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसांना या श्रद्धेने सहजीवनाची एक चौकट दिल्याचे मांडले. कोल्हापूरच्या घाटाखाली, सिंधुदुर्गात, गुराखी रानात गवळदेवाच्या जागी एकत्र जेवण शिजवतात, तेव्हा काही वाड्यांत वाघाच्या नावाने वेगळे पान वाढले जाते. वाघाने एखादे जनावर नेले तर तो वाटा गेला असे मानायचे आणि वर्षाकाठी पान वाढून हा करार ताजा करायचा, ही मनाची तयारी आजच्या वन्यजीव संघर्षाच्या चर्चेत फार दुर्मीळ झाली आहे. नुकसानभरपाई हवीच, ती वेळेवर हवी. पण या जुन्या करारात सूड नव्हता, हे विसरता येत नाही.

राधानगरीच्या माथ्यावर हा करार आणखी एका बाजूने तुटला. दाजीपूरच्या गव्यांसाठी 1958 मध्ये अभयारण्य झाले, त्याचा विस्तार 1985 मध्ये झाला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत राधानगरीचा समावेश झाला. वनसंरक्षणाची गरज निर्विवाद आहे. मात्र चराईची राने आटली तशा धनगरवाड्यांतील म्हशीही कमी झाल्या आणि तरुण मंडळी शहरांत कामाला गेली. जी समजूत कळपाभोवती जगते ती कळपाविना फक्त गोष्ट म्हणून उरते. पण अशा गोष्टींचेही मोल मोठे आहे: जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या पशुपालकांच्या देवांवर 1976 मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेला ग्रंथ धनगरांच्या ओव्या आणि कथांवर उभा आहे, तर रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. म्हणजे ज्या लोकांच्या दुधाच्या समजुतींना आडरानातल्या म्हटले जाते, त्यांचाच देव महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेच्या मध्यभागी उभा असल्याचे हे संशोधन सुचवते.

चौथा वाटेकरी घर. आतापर्यंतच्या समजुती आदराने पाहाव्यात अशा आहेत. घरातल्या पुढच्या तीन तशा नाहीत. दुधाचे पावित्र्य राखण्याच्या नावाखाली पाळीच्या दिवसांत बाईने गोठ्यात जाऊ नये, धार काढू नये, रवीला हात लावू नये असे निर्बंध पुष्कळ समाजांत आहेत. निलगिरीतील तोडा जमातीत तर हे पावित्र्य टोकाला गेलेले दिसते: डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी 1906 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानुसार तेथे पवित्र म्हशींचे दूधघर हेच देऊळ आणि धार काढणारा पुरुष हाच पुजारी असे, आणि स्त्रियांना त्या कामात प्रवेश नसे. महाराष्ट्रात स्थिती याहून विसंगत आहे, कारण वैरण आणणे, शेण काढणे, म्हशी धुणे ही कष्टाची बहुतेक कामे बाईच करते आणि विटाळ मात्र तिच्याच वाट्याला येतो. वाट्याच्या क्रमात कष्ट करणारीलाच शेवटी ढकलणारी ही समजूत कोणत्याही पर्यावरणीय शहाणपणाने समर्थनीय ठरत नाही.

दुसरी समजूत चिकाविषयी आहे. व्यालेल्या जनावराचे पहिले दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक, ज्याचा खरवस होतो. काही घरांत वार पडेपर्यंत, म्हणजे गर्भाचे वेष्टन बाहेर येईपर्यंत, पारडाला लुचू देत नाहीत, आणि काही ठिकाणी पहिला चीक अपायकारक मानून ओतून देतात. येथे समजूत आपल्याच मूळ तत्त्वाच्या विरोधात जाते. गाई-म्हशींच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती जन्मानंतर चिकातूनच मिळतात आणि वासराचे आतडे ती जशीच्या तशी शोषून घेऊ शकते ते साधारण पहिल्या चोवीस तासांतच, त्यातही पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त. वार पडण्याची वाट पाहण्यात हे तास निघून जातात. वासराचा हक्क पहिला मानणाऱ्या समाजाला ही गोष्ट त्याच्याच भाषेत पटवता येते, हे पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. दृष्ट लागण्याच्या तिसऱ्या समजुतीचेही असेच आहे. कासेत गाठ होणे, दुधात रक्त किंवा गुठळ्या येणे याला लोक दृष्ट लागली म्हणतात, मीठ-मिरच्या उतरवतात, शिंगाला काळा दोरा बांधतात. तो बहुतेक वेळा स्तनदाह असतो, आणि त्यातूनच कास कायमची घट्ट होते, तेव्हा तिला 'दगडी' म्हणतात. दोरा बांधल्याने काही बिघडत नाही, पण दोरा बांधून दोन दिवस वाट पाहिली तर सड कायमचा जातो.

शेवटचा वाटेकरी बाजार, आणि त्याच्याविषयी पशुपालकांच्या मनात पूर्वापार संकोच आहे. राजस्थानातील रायका पशुपालक उंटिणीचे दूध विकणे निषिद्ध मानत. हिंगोली जिल्ह्यातील येळेगाव गवळी या गावात आजही दूध विकले जात नाही, गरजूला ते फुकट दिले जाते. आपण श्रीकृष्णाचे वंशज असल्याची ग्रामस्थांची श्रद्धा त्यामागे आहे. कोल्हापूरने नेमका उलटा मार्ग धरला. 1963 मध्ये जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, 'गोकुळ' हे त्याचे नाव घराघरांत पोहोचले, आणि अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबाला दोन म्हशींच्या जोरावर रोख पैसा दिसू लागला. कोल्हापूर शहरातल्या दूध कट्ट्यांवर गिऱ्हाइकासमोर धार काढून धारोष्ण दूध देण्याची पद्धत, पाडव्याला शिंगे रंगवून, कवड्या-घुंगरांच्या माळा घालून म्हशी मिरवण्याची हौस आणि नृसिंहवाडीच्या पेढे-बासुंदीची ख्याती या सर्वांतून हेच दिसते की बाजाराने येथे म्हशीवरचे प्रेम कमी केलेले नाही. शिरोळला 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाण्याने वेढले, तेव्हा जनावरे सोडून घराबाहेर पडायला नकार देणारी माणसे याच तालुक्यात होती. मुलांची शाळा, दवाखाना, घराची डागडुजी दुधाच्या बिलातून झाली असेल, तर त्या बिलाला कमी लेखण्याचा अधिकार कुणालाच नाही.

तरीही बाजाराने क्रम बदलला, हे खरे आहे. फॅटवर दर ठरतो आणि धारेच्या शेवटी येणारे दूध सर्वांत जास्त स्निग्ध असते. पारडासाठी राखला जाणारा हाच तो शेवटचा वाटा. त्यामुळे यंत्र मोजू लागल्यापासून सड राखण्याची चाल हळूहळू गेली. रेडकू, म्हणजे नर पारडू, तर शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून हिशेबातच बसत नाही आणि अनेक गोठ्यांत ते पहिल्या काही महिन्यांत उपासमारीने मरते. ते मेले की पान्हा उतरेना, मग चोरून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचायचे, आणि पेंढा भरलेल्या कातड्याची जागा सिरिंजने घ्यायची, हा प्रवास देशभर झाला आहे. यावर उपाय नाहीत असे नाही: चीक पहिल्या तासाभरात पाजणे, पारडाला वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके दूध काही आठवडे मोजून देणे, नंतर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांसाठीचा पूरक आहार, सुरू करणे, हे पशुवैद्यक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. परंतु असा सल्ला बहुधा 'उद्याची दुभती म्हैस' या भाषेत दिला जातो आणि म्हणून तो पारडीपुरताच लागू पडतो. रेडकाच्या बाजूने बोलणारी भाषा या व्यवहारात उरलेली नाही. ती माडियांच्या नकारात आहे, वसुबारसेच्या उपासात आहे आणि राखलेल्या सडाच्या धाकात आहे. संकलन केंद्राच्या भिंतीवर दराचा तक्ता लागतो त्याच्या शेजारी पारडाच्या वाट्याचा, मग ते नर असो वा मादी, तक्ता लावणे आणि रेडकी वाढवणाऱ्या सभासदाला काही रक्कम देणे दूध संस्थांना अशक्य नाही. वासराचा वाटा दिल्यावर जे दूध उरते तेच विक्रीचे दूध, हा हिशेब डोंगरातल्या निरक्षर माणसांना जमला होता.